भिंतीपलीकडचा हुंकार

दिवाळी झाली की बारवेची वस्ती रिकामी होते. खर्ड्याच्या पुढं नऊ-दहा किलोमीटर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला, अशी ही अकरा घरं. भाऊबीज उरकली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं चढतात आणि अकरांपैकी नऊ घरांना कुलूप लागतं. ऊसतोडीला गेलेली ही माणसं परततात ती एकदम उन्हाळ्याच्या तोंडावर. मधले पाच महिने वस्तीवर उरतात दोन माणसं आणि सहा शेळ्या. एक अजिनाथ, दुसरी त्याची चुलती कडूबाई. शेळ्या कडूबाईच्या.

आता पाच महिने दोनच माणसं, घराला घर लागून, मधे एकच सामाईक भिंत. कुणालाही वाटेल, दोघं दिवसभर बोलत असतील. तर एक अक्षर नाही. चार वर्षांमागं कडूबाईच्या लेकानं, कल्याणनं, पत्र्याची खोली वाढवायला म्हणून हद्दीवरचं लिंबाचं झाड तोडलं. अजिनाथ लहानपणापासून त्याच झाडाखाली बसायचा. डोळसाला सावली कुठंही सापडते, आंधळ्याला ती पाठ करावी लागते. भांडण झालं, एकमेकांच्या सात पिढ्या उकरून झाल्या आणि दोन घरांत विस्तव जाईना. भांडण मांडलं कर्त्या माणसांनी, आणि ती गेली ऊस तोडायला. ते राखायचं काम मात्र मागं राहिलेल्या या दोघांच्या गळ्यात पडलं, आणि दोघांनी ते अगदी इमानेइतबारे केलं.

अजिनाथ चौतीस वर्षांचा. आठवीत असताना फळा पुसट दिसायला लागला. दहावीचा निकाल लागला तेव्हा तो दुसऱ्यानं वाचून दाखवावा लागला. डोळ्याच्या पडद्याचा आजार, इलाज नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. पुढं सुकन्याशी लग्न झालं, आरती झाली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. आंधळ्याच्या हातात कोयता कोण देणार? म्हणून सुकन्या दरवर्षी तिचा भाऊ गोरक्ष याच्याबरोबर जायची. त्याची बायको वारलेली. दोन अर्धे मिळून एक कोयता व्हायचा. आरतीही आईबरोबर जायची. पोरगी पहिलीत गेली ती दिवाळीपर्यंत, दुसरीत गेली तीही दिवाळीपर्यंतच. बाकीचं वरीस उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे वाळल्या पात्यांच्या खोपटात. "बायको अर्धा कोयता, मी भोपळा," असं अजिनाथ हसत सांगायचा. पण त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि ट्रॉली निघून गेल्यावर दोन-तीन दिवस तो जेवायचा नाही.

पुण्यात अंधांच्या एका केंद्रात तो सहा महिने कॉम्प्युटर शिकला होता. शिकवणारा रविराज स्वतः जन्मांध. येताना केंद्रानं त्याला एक जुना लॅपटॉप आणि इंटरनेटचं डोंगल दिलं. त्यात लिनक्स घातलेलं. ही म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नसलेली, फुकट मिळणारी प्रणाली. त्यातच पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय होती. बाईचा आवाज, जरा नाकातला, सुख ना दुःख. बातमी असो की बाजारभाव, ती एकाच सुरात वाचणार. सुरुवातीला अजिनाथला तिचा कंटाळा यायचा. मग दुसऱ्या वर्षी, वस्ती रिकामी झाल्यावर, काम नसतानाही तो तिला वाचत ठेवायला लागला. दिवसभरात कानावर पडणारा माणसाचा म्हणता येईल असा तेवढाच आवाज होता.

या पौषात त्याच्या नशिबानं एक दार किलकिलं झालं. पुण्यातली एक संस्था खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवत होती. त्या ऐकून टाईप करायला त्यांना माणसं हवी होती. काम घरबसल्या आणि बारमाही. परीक्षा शनिवारी, दुपारी दोन ते चार. त्या वेळेत आलेलं रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवून पाठवायचं. त्यानं सुकन्याला फोनवर सांगितलं, "हे जमलं ना, तर औंदा शेवटचं. फुडल्या दिवाळीला तू आन आरती ट्रॉलीत चढायचं न्हाई." मागं ऊस सोलल्याचा खसखस आवाज येत होता. सुकन्या म्हणाली, "बघू." तिला पुष्कळ वेळा पुष्कळ जणांनी पुष्कळ काही सांगितलं होतं.

आणि मंगळवारी ती बाई मुकी झाली.

चूक अजिनाथचीच. परीक्षेआधी सगळं चकाचक असावं म्हणून सोमवारी त्यानं प्रणालीची नवी आवृत्ती उतरवून घेतली. धावत्या गाडीचं चाक बदलायची हौस म्हणतात ती हीच. सकाळी लॅपटॉप चालू केला तर पंखा घरघरला, पण आवाज नाही. बंद करून पुन्हा चालू केला, तरी नाही. डोळसाचा आवाज गेला तर त्याचं गाणं बंद पडतं, आंधळ्याचा आवाज गेला तर सगळा कॉम्प्युटरच गेला. हुकूम टाईप करता येत होते, बोटांना कळा पाठ होत्या. पण उत्तर काय आलं ते कळणार कसं? पडद्यावर काहीतरी लिहिलेलं असणार, इतकंच त्याला ठाऊक होतं.

त्यानं रविराजला फोन लावला.

"नव्या आवृत्तीनं साउंड कार्डाचा ड्रायव्हर घेतला नसेल," रविराज म्हणाला. "दुरुस्त होईल रे. पण पडद्यावर काय येतंय ते कुणाला तरी वाचायला सांग."

"वाचायला कुनी न्हाई, सर."

"घरातलं कुणी? शेजारी?"

"समदे तोडीला."

घरातला एकुलता एक मोठा मोबाईल सुकन्याबरोबर गेलेला. अजिनाथजवळ बटनांचा फोन, त्यानं वाचून घ्यायची सोय नाही. एक आंधळा वस्तीवर, दुसरा पुण्यात, आणि दोघांच्या मधे एक उजळलेला पडदा.

बुधवारी तो काठी टेकत डांबरीपर्यंत चालत गेला, जीप धरून खर्ड्याच्या एका मोबाईलच्या दुकानात पोचला. दुकानदारानं लॅपटॉप उघडून बघितला आणि म्हणाला, "हे काय भलतंच टाकलंय? सगळं पुसून विंडोज मारून देतो." पुसलं तर वाचणारी बाई पुसली जाणार, संस्थेचं सगळं पुसलं जाणार, आणि शनिवारपर्यंत नवं शिकणं शक्य नव्हतं. अजिनाथनं लॅपटॉप छातीशी धरून परत आणला. त्या रात्री त्याला पहिल्यांदाच वस्ती ऐकू आली. पत्रा तडकत होता, शेळी खूर आपटत होती, बाकी काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी उंबऱ्याशी कुणीतरी खाकरलं. अजिनाथनं ते खाकरणं ओळखलं, पण विश्वास बसेना.

"जित्ता हायेस व्हय?" कडूबाई म्हणाली.

चार वर्षांनी पहिला शब्द हा.

"हाय."

"दोन दिस झालं तुह्या घरातून आवाज न्हाई. म्हनलं, पोरगं गेलं का काय. वस्तीवर मढं पडून ऱ्हायला नको."

"आवाज बिघडलाय, काकी. कॉम्प्युटर मुका झालाय."

ती उंबऱ्याशीच उभी राहिली. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. अजिनाथनं चार वर्षांचा अबोला गिळला. "काकी, तुला दिसतं ना? त्यात काय दिसतंय, तेवढं सांगशील?"

"मला कुठं वाचता येतं, बाबा?"

"वाचू नको. जे दिसंल ते माझ्या हातावर बोटानं काढ. अक्षरं मला येत्यात."

कडूबाई आत यायला तयार नव्हती. भांडण शेवटी भांडण होतं. ती उंबऱ्यावरच टेकली. अजिनाथ तिच्यासमोर आतल्या बाजूला बसला. त्यानं रविराजचा फोन चालू ठेवून जमिनीवर ठेवला. मग तो हुकूम टाईप करायचा, लॅपटॉप तिच्याकडं फिरवायचा आणि तळहात पुढं करायचा. कडूबाईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं पेरं कधीकाळी कोयत्यानं नेलेलं. म्हणून ती मधल्या बोटानं काढायची. चाळीस वर्षं ऊस तोडलेलं ते बोट किसणीसारखं खरखरीत होतं.

रविराज हुशार. त्यानं असा हुकूम सांगितला की उत्तरात एकच आकडा यावा, साउंड कार्डं किती सापडली तेवढाच.

"आकडा मी वळखते की," कडूबाई म्हणाली. "मोबाईलवर लेकाला फोन लावते न्हवं. हे बघ, भोपळा हाय."

"शून्य," अजिनाथनं फोनमधे सांगितलं.

"म्हणजे ड्रायव्हरच उठला नाही," रविराज म्हणाला. "जुनी आवृत्ती अजून आत असेल, तिच्यावरून चालू करू. चालू होताना एस्केप दाबून धर, यादी येईल. दुसऱ्या ओळीवर एंटर. मग दुसरी यादी येईल, तिच्यात तिसऱ्या ओळीवर एंटर."

हे वाचता येणाऱ्याचं काम नव्हतंच. कडूबाई सांगत गेली, "काळ्या पाटीवर वळी आल्यात. वरल्या वळीवर पांढरा पट्टा हाय... आता खाली आला. थांब! दुसरीवर हाय." तीन वेळा चुकलं. एकदा यादी यायच्या आतच निघून गेली. एकदा शेळी गोठ्यातून सुटली म्हणून कडूबाईच उठून गेली, ती अर्ध्या तासानं आली. चौथ्या वेळी जमलं. पुन्हा आकड्याचा हुकूम दिला.

"एकडा," कडूबाई म्हणाली, "सरळ उभा."

कार्ड सापडलं होतं. पण आवाज अजून नव्हता. रविराजनं आवाजाच्या पट्ट्यांचा कार्यक्रम उघडायला सांगितला.

"आता काय दिसतंय, काकी?"

"उभ्या कनग्या हायेत. धान्याच्या असत्यात न्हवं, तशा. तीन-चार रिकाम्या. खाली काय तरी लिव्हलंय." तिनं त्याच्या तळहातावर बोट ओढलं. खाली, वर, खाली, वर. पुन्हा तेच.

"डब्ल्यू डब्ल्यू," अजिनाथ म्हणाला.

"असलं काही नसतं तिथं," रविराज म्हणाला.

तिनं पुन्हा काढलं. पुन्हा तेच आलं. रविराज पुन्हा नाही म्हणाला. कडूबाई चिडली. "मी काय खोटं सांगते व्हय? चार वर्सांनी आले ते खोटं सांगाया?" अजिनाथ तळहात उघडा ठेवून तसाच बसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ती समोर बसली होती. तिच्या बाजूनं जे डोंगर होते, ते त्याच्या हातावर खड्डे होऊन येत होते.

"काकी, आत ये. माझ्या शेजारी बस."

मग लुगड्याची सळसळ झाली, गुडघे कटकन वाजले आणि ती त्याच्या उजव्या बाजूला, जुन्या झाडाखाली बसायची तशी बसली. तिच्या अंगाला शेळ्यांचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. अजिनाथनं तळहात पुढं केला. फोनमधे रविराज थांबलेला होता.

या खेपेला हातावर दोन डोंगर आले, आणि शेजारी आणखी दोन.

"एम एम!" रविराज ओरडला. "म्यूट! अरे, तोंड बांधलंय त्याचं. एम दाब, मग वरचा बाण दाबून भर. सगळ्या पट्ट्या कर. फक्त शेवटच्या रकान्याला हात लावू नको. हेडफोन घातला की बाहेरचा आवाज आपोआप बंद करायची सोय आहे ती, असू दे चालू."

"डोंगराचं भोपळं झालं," कडूबाई सांगत होती. "कनगी भरत आली. भरली. आता दुसरी..."

आणि ती बाई बोलली. नाकातल्या त्याच सुरात, काहीच न झाल्यासारखी, पडद्यावरच्या उघड्या खिडकीचं नाव तिनं वाचलं. कडूबाई दचकून मागं सरली. अजिनाथ हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. डोळ्यांचं तेवढंच काम उरलं होतं, ते त्यांनी केलं. रविराजनं सगळं टिकवून ठेवायचा हुकूम दिला आणि नव्या आवृत्तीच्या नादी न लागण्याची शपथ घालून फोन ठेवला.

"काकी, च्या घेतीस?"

"नको," कडूबाई उठत म्हणाली. "कल्याणला कळलं तर बोलनं व्हईल."

ती गेली. शुक्रवारी शेळ्यांची घंटा अंगणातून गेली तेव्हा अजिनाथनं हाक मारली. घंटा थांबली नाही. अबोला पुन्हा होता तिथं येऊन बसला. लॅपटॉप दुरुस्त झाला होता, तरी त्या दिवशी त्याला वस्ती आणखीच मोकळी वाटली.

शनिवारी दोनला रेकॉर्डिंग आलं. एक म्हातारी आपली आठवण सांगत होती. पन्नास वर्षांमागं बैलगाडीतून ती पहिल्यांदा तोडीला गेली, ओटीत सव्वा महिन्याचं पोर. शब्द न शब्द नीट यावा म्हणून अजिनाथनं हेडफोन घातला आणि टाईप करायला लागला. पाऊण तास झाला असेल. खांद्यावर एक खरखरीत हात पडला. त्यानं हेडफोन ओढून काढला.

"पुन्हा मुकी झाली व्हय रं?" कडूबाईला धाप लागली होती.

"न्हाई, काकी. चालू हाय. आवाज माझ्या कानात हाय. परीक्षा चाललीये माझी."

"कानात? म्हंजी तुला एकट्यालाच?"

"व्हय."

ती तिथंच उभी राहिली. घड्याळ चाललं होतं आणि अजिनाथची बोटं कळांवर अडकली होती.

"मंग मी काय ऐकू?" कडूबाई म्हणाली.

अजिनाथनं कळांवरून बोटं उचलली.

"समदी जात्यात," ती म्हणाली. "पाच म्हैने मी बाज भिंतीला लावून पडते. ती काय बोलती त्यातलं निम्मं मला कळत न्हाई. पर कुनी तरी बोलतंय, एवढं असतं. ऱ्हाऊ दे. तुही परीक्षा हाय." आणि ती गेली.

भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला ते चार वर्षं होते, आणि अजिनाथला पत्ता नव्हता. त्याला वाटत होतं, आपण एकटेच ऐकतो आहोत.

परीक्षेचा सव्वा तास उरला होता. शहाण्या माणसानं हेडफोन घालून काम पुरं केलं असतं. अजिनाथनं रेकॉर्डिंग थांबवलं, पट्ट्यांचा कार्यक्रम उघडला आणि उजवा बाण मोजत मोजत शेवटच्या रकान्यावर गेला. रविराजनं हात लावू नको म्हणून बजावलेला तो हाच. खालचा बाण दाबला. आता कानातही आवाज होता आणि बाहेरही. त्यानं बाहेरचा वाढवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि टाईप करायला लागला.

म्हातारी सांगत होती, गाडी ओढ्यात अडली, पोर रडत होतं, धनी बैलाला शिव्या देत होता. भिंतीपलीकडं बाज करकरली. म्हातारी सांगत गेली, अजिनाथ लिहीत गेला. कोपीत पहिल्या रात्री पाऊस आला. "व्हय, बाई." पोर पोटाशी धरून उभी राहिले. "व्हय, व्हय." गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, तसा तो कडूबाईचा हुंकार होता. पण अजिनाथची बोटं तो म्हातारीच्या शब्दांबरोबर उतरवून घेत होती. पान-दीड पान झाल्यावर त्याला शंका आली. मागं जाऊन ऐकलं, तर रेकॉर्डिंगमधे ते शब्द नव्हते. मग एकेक शोधून पुसायला बसला. चारला तीन मिनिटं कमी असताना त्यानं काम पाठवलं.

आठ दिवसांनी संस्थेतून आवाजावरून सुकन्याच्या वयाच्या वाटणाऱ्या एका बाईचा फोन आला. मोनिका असं तिनं नाव सांगितलं. काम त्याला दिलं होतं, पुढच्या महिन्यापासून. अजिनाथनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"एकच विचारायचं होतं," मोनिका म्हणाली. "चौथ्या पानावर दोन शब्द जास्तीचे आहेत, 'व्हय बाई'. रेकॉर्डिंगमधे नाहीत ते. परीक्षेच्या वेळी तुम्ही एकटेच होतात ना?"

बाहेर ऊन पत्र्यावर तडतडत होतं. नऊ घरांना कुलपं होती. अजिनाथनं भिंतीला हात लावला.

"न्हाई," तो म्हणाला. "माझी काकी हुती."